शिक्षा प्रशिक्षकालाही हवी

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

चेंडू कुरतडण्याच्या शिक्षेवरील कालच्या अंकातला लेख वाचला. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या केपटाउन कसोटीतील प्रकरणी कर्णधार स्मिथ आणि उपकर्णधार वॉर्नर यांना ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने घातलेली बारा महिन्यांची बंदी सूडबुद्धीची होती, हे लेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. 2018 मध्ये चेंडूवर पॉलिश पेपर घासला तो त्यांच्याच संघातील बॅनक्रॉफ्टने. तरीही त्याला नऊ महिने आणि कर्णधार-उपकर्णधारांना बारा महिने, हाच त्या निकालातला सर्वांत न्याय्य भाग होता. बेत वॉर्नरचा होता आणि कागद कसा वापरायचा हेही त्यानेच दाखवले, असे मंडळाने जाहीर केले होते. मग करवून घेणाऱ्याला अधिक शिक्षा झाली, तर त्यात सूड कसला? अन्याय शोधायचाच, तर त्याच कसोटीत दक्षिण आफ्रिकेचे नेतृत्व करणाऱ्या डु प्लेसिसकडे पाहावे. 2016 मध्ये होबार्टला चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल तो दोषी ठरला, सामन्याचे मानधन दंडापोटी गेले, बंदी मात्र आली नाही आणि लगेचच्या ॲडलेड कसोटीत त्याने शतकही केले.

हे पोटतिडकीने लिहिण्याचे कारण असे की, आपल्या पुण्यात मी नेमके उलटे घडलेले पाहिले आहे. गेल्या उन्हाळी सुट्टीतील चौदा वर्षांखालील स्पर्धेत माझ्या नातवाच्या संघाविरुद्ध चार बळी घेणाऱ्या मुलाचा जन्मदाखला, आम्ही हरकत घेतल्यावर, खोटा निघाला. आयोजकांनी त्या मुलाला सर्वांदेखत खडसावले, स्पर्धेतून काढले आणि पुढेही घेणार नाही असे बजावले. तो दाखला अर्जाला जोडून खाली सही करणारे प्रशिक्षक मात्र शेजारीच मंडपात बसून होते. त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही आणि दिवाळीच्या स्पर्धेत ते दुसरा संघ घेऊन हजर झाले. आमच्या मुलांचा सामना हातचा गेला याचा राग मला आजही आहे. पण त्याहून अधिक राग आहे तो त्या मुलाला एकट्याला पुढे करून मोठी माणसे नामानिराळी राहिली याचा. ‘सरांनीच सांगितले होते’ हे तो रडत सांगत असताना ऐकायला कोणी थांबले नाही.

बीसीसीआयने 2020 मध्ये वय लपवणाऱ्या खेळाडूंना दोन वर्षांच्या बंदीचा इशारा दिला आणि स्वतःहून कबुली देणाऱ्यांना अभयही दिले, ते योग्यच झाले. परंतु तेरा-चौदा वर्षांचा मुलगा स्वतःचा दाखला स्वतः बदलून आणत नाही. स्थानिक स्पर्धांच्या आयोजकांनी तरी अर्जावर सही करणाऱ्या प्रशिक्षकावर खेळाडूइतकीच, किंबहुना अधिक काळाची बंदी घालावी.

जाता जाता आणखी एक तक्रार. त्या सामन्याचे वृत्त आपल्या अंकात त्या मुलाच्या नावासह आले होते. पुढे निकाल फिरवून गुण आमच्या संघाला देण्यात आले. हे मी दोनदा लेखी कळवूनही त्याची एक ओळदेखील छापली गेली नाही. ती अजूनही छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे