धाकटीची गोळी बंद करू देऊ नकोस

बर्मिंगहॅम

प्रिय आई,

बाबांना साष्टांग नमस्कार सांग.

धाकटीला आता मूल हवंय हे ऐकून फार आनंद झाला. पण फोंड्याच्या शेजारणीने तिला सांगितलंय, ‘ती रक्त पातळ करणारी गोळी पोटातल्या बाळाला बाधते, आधी बंद कर,’ हे तू बोललीस तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. शेजारणीचं अर्धं खरं आहे, म्हणून तर जास्त भीती. चवथीला तू सावंतवाडीहून फोंड्याला जाशील तेव्हा हे पत्र तिला आणि जावईबापूंना वाचायला दे. विहीणबाईंनाही वाचून दाखव.

गोळी मनाने एक दिवसही बंद करायची नाही. तिच्या हृदयात धातूची झडप आहे, तिच्यावर रक्त साकळतं. गुठळी धरली तर झडप अडकते, नाहीतर तीच गुठळी सुटून मेंदूत जाते. त्यात गरोदर बाईचं रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून शरीराचीच ती सोय. म्हणजे दिवस गेल्यावर तिला गोळीची गरज वाढते, कमी होत नाही.

आता बाळाचं. तिची असिट्रोम आणि इथे देतात ती वॉरफरीन, दोन्ही एकाच जातीच्या. त्या ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवतात आणि वारेतून बाळापर्यंत पोचतात. हे जीवनसत्त्व रक्त गोठायला लागतं, तसंच कूर्चा आणि हाडं घडायलाही. म्हणून सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गोळी चालू असली तर काही बाळांचं नाक नीट घडत नाही, बसकं राहतं, श्वासाला त्रास होतो. हाडांच्या टोकांची वाढ बिघडते. पुढच्या महिन्यांत मेंदूत रक्तस्राव होण्याची, डोळ्यांना इजा होण्याची भीती असते. गर्भ पडण्याचा धोकाही वाढतो. आईचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, अगदी हवा तेवढा असला तरी बाळाचं यकृत कच्चं, त्याचं रक्त तिच्यापेक्षा जास्त पातळ झालेलं असू शकतं. सगळ्याच बाळांना असं होत नाही, हे तिला आवर्जून सांग. डोस कमी असेल तर व्यंगाचा धोका बराच कमी असतो: असिट्रोम दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत, वॉरफरीन ५ मिलिग्रॅमपर्यंत.

दुसरा मार्ग हेपारीनच्या इंजेक्शनचा, तेही रक्त पातळ ठेवतं. त्याचा रेणू मोठा, वार ओलांडत नाही, त्यामुळे बाळ सुरक्षित. पण धातूच्या झडपेला ते गोळीइतकं सांभाळत नाही. दिवसातून दोनदा पोटावर टोचून घ्यायचं, आणि डोस पुरतोय का हे रक्त तपासून पुन्हा पुन्हा बघायचं. ही तपासणी जमणार नसेल तर इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पुष्कळदा पहिले तीन महिने इंजेक्शन, मग गोळी, आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा हेपारीन असं करतात. गोळी चालू असताना कळा सुरू झाल्या तर सिझेरियन करतात, कारण बाहेर येताना बाळाच्या डोक्यावर दाब पडून आत रक्तस्राव होऊ शकतो.

कुणी ‘तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या’ सुचवेल. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, गरोदरपणातही नाहीत.

हे सगळं दिवस जाण्याआधी ठरायला हवं. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकून पंधरा दिवस झाले की सहावा आठवडा आलाच! तेव्हा पाळी चुकली की लगेच तपासणी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्याआधी जावईबापूंनी तिला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, न्यावं. हृदयाचे आणि बाळंतपणाचे, दोन्ही डॉक्टरांनी मिळून तिच्याशी बोलायला हवं. आपल्याकडची माणसंसुद्धा अडीनडीला तिथेच जातात, तिला तर फोंड्याहून जवळच.

आणि हो, बाळ झाल्यावर वॉरफरीन किंवा हेपारीन चालू असताना अंगावर पाजता येतं. तिला हीच काळजी जास्त असेल.

झडपेचं कार्ड, शेवटचे आयएनआरचे कागद आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो मला पाठवायला सांग. ती रोज किती मिलिग्रॅम घेते ते मला आधी बघायचंय.

तुझी,
थोरली