रात्री ब्रेकर, दिवसा नियमावली : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

काल रात्री पावणेबाराला आमच्या गल्लीत पुन्हा रस्ता फोडायला घेतला. ‘दहानंतर ब्रेकर लागणार नाही’ असा शब्द अधिकाऱ्यांनी सोसायटीच्या बैठकीत दिला होता. चहा-बिस्किटं आमचीच होती.

घरात सासरे आहेत, वय 79, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. त्यांची झोप सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलंय. काल मांडणीवरचे पेले थरथरायला लागले तसे ते उठले, शर्टाची बटणं वर-खाली लावली आणि ‘पहिल्या पाळीला उशीर झाला’ म्हणत दाराची कडी काढू लागले. दोन वाजता मी त्यांना जिन्यावरून परत आणलं. सकाळी मला डबा करून कामावर जायचं होतं, पण ते जाऊ दे.

झोप म्हणजे चैन नव्हे, साहेब. 2013 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड यांच्या चमूने उंदरांवर दाखवलं, की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा 60 टक्क्यांनी वाढते, तिथून द्रव खेळतो आणि अल्झायमरशी जोडलेलं बीटा-अमायलॉइड हे प्रथिन दुप्पट वेगाने बाहेर पडतं. 2019 मध्ये बोस्टनच्या संशोधकांना झोपलेल्या माणसांच्या मेंदूतही गाढ झोपेच्या संथ लहरींमागोमाग या द्रवाच्या लाटा दिसल्या. या सफाईला निविदा लागत नाही, फक्त शांतता लागते. 2024 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना उंदरांत उलटंच आढळलं, हेही मला माहीत आहे. तुमचा एखादा सचिव तेवढंच उचलेल, म्हणून आधीच सांगते.

वाद शास्त्रज्ञांत असेल, नियमात नाही. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. माझ्या मोबाईलने 80 दाखवले. ॲपचा काय भरवसा, म्हणून ते बैठकीतले अधिकारी हसले. मग तुमचं यंत्र आणा की! रात्री दहा ते सहा निवासी भागात आवाज करणारी बांधकामयंत्रं चालवायची नाहीत, हे 2010 पासून लिहिलेलं आहे. पोलीस म्हणतात पालिकेला विचारा, पालिका म्हणते वाहतूक विभागाने दिवसा काम नाकारलं. म्हणजे दिवसा गाड्यांची सोय, रात्री ठेकेदाराची. मंत्र्यांच्या बंगल्याबाहेर रात्री दोनला कधी ब्रेकर वाजलाय? 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवांत झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो हक्क बहुधा काचबंद खिडक्यावाल्यांपुरता असावा. निम्मं शहर झोपेच्या गोळीवर असेल, मोजतंय कोण?

रात्रीचं काम आजच थांबवा आणि परवानगीवर सही कोणाची आहे ते कळवा. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढंच कळवायचं असेल तर कागद वाया घालवू नका. तसल्या पत्रांची माझ्याकडे फाईल आहे.

आपली,
एक करदाती