आधी पाण्याचा हिशेब, मग प्रशासकीय मान्यता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये त्याच पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले. 2005 आणि 2021 हे पूर धरले, तर सोळा वर्षांत तीन महापूर झाले. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची समजली जाते. मागच्या नोंदींवरून बांधलेला हा हिशेब पुढेही तसाच चालेल असे धरून रस्ते, पूल आणि मोऱ्यांची अंदाजपत्रके होतात, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक मोठ्या बांधकामाला प्रशासकीय मान्यता देण्यापूर्वी हवामान परिणाम मूल्यांकन, म्हणजे बदलत्या हवामानाचा बांधकामाला आणि बांधकामाचा हवामानाला किती धोका आहे याची तपासणी, सक्तीचे करावे, अशी माझी मागणी आहे.

यावर पर्यावरण परिणाम मूल्यांकन आधीच आहे, असे उत्तर मिळते. ते आहे, पण 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेच्या परिशिष्टात जे प्रकल्प बसतात त्यांनाच ते लागते. जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते त्यात येत नाहीत. पूरपट्ट्यात मात्र पाणी अडते ते बहुधा अशाच कामांमुळे. रस्ता बुडतो म्हणून पाच-सहा फूट भराव घालून तो उंच केला जातो, ओढ्याच्या तोंडाशी दोन-तीन सिमेंटचे पाइप टाकून मोरी झाली असे म्हटले जाते, आणि पुढच्या पुरात त्या भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून राहते. रस्ता कोरडा राहतो, शेत बुडते. उसाच्या पोंग्यात एकदा गाळ बसला की पाणी ओसरल्यावरही तो ऊस आतून कुजत जातो. ते नुकसान रस्त्याच्या अंदाजपत्रकात कुठेही धरलेले नसते. ते पंचनाम्यात येते आणि त्याची भरपाई वेगळ्या खात्यातून दिली जाते. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या उंचीवर आपण दर पावसाळ्यात तावातावाने बोलतो, आणि बोललेही पाहिजे. पण आपण स्वतः घातलेल्या भरावांबद्दल तितके बोलत नाही. प्रस्तावित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या चर्चेतही मोबदल्याचा दर जितक्या वेळा निघतो, तितक्या वेळा भरावाची उंची निघत नाही.

मूल्यांकनाला दुसरीही बाजू आहे. प्रकल्प स्वतः हवामानावर किती भार टाकतो, हेही त्यात मांडावे लागेल. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू या योजना कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी भागात नेतात. 2019 मध्ये नदीकाठ बुडाला असताना जत-आटपाडीकडे टँकर चालू होते, त्यामुळे या योजनांची गरज कोणी नाकारणार नाही. वीजबिलाचा 81-19 चा हिशेब (81 टक्के सरकारचे, 19 टक्के शेतकऱ्यांचे) इथे सर्वांना ठाऊक आहे, पण ती वीज कोळशाची किती आणि सौर किती, हा प्रश्न योजना मंजूर करतानाच विचारायला हवा. पाऊस अनियमित होत असताना उपशासाठी नदीत पाणी कोणत्या महिन्यांत आणि किती राहील, हाही त्याच कागदावर यावा.

ही मागणी जगावेगळी नाही. युरोपीय संघाने 2014 मध्ये आपल्या निर्देशात दुरुस्ती करून प्रकल्पाचा हवामानावरील परिणाम आणि बदलत्या हवामानाचा प्रकल्पाला असलेला धोका, या दोन्ही गोष्टी मूल्यांकनात घेतल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 च्या निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क संविधानाच्या कलम 14 आणि 21 मध्ये असल्याचे मान्य केले. तो हक्क अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याच्या टेबलापर्यंत पोहोचायचा असेल, तर नियम हवा.

यातून विलंब वाढेल, ही भीती मी खोटी मानत नाही. त्याहून मोठी भीती ही की सल्लागार कंपन्या एकाच अहवालात गावांची नावे बदलून तोच सगळीकडे देतील. म्हणून छोट्या दुरुस्त्या वगळाव्यात, अहवाल मराठीत असावा, जनसुनावणीच्या किमान महिनाभर आधी तो ग्रामपंचायतीत ठेवावा आणि त्यातील पाण्याची गणिते वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या स्थानिक संस्थेकडून तपासून घ्यावीत. गावकऱ्यांना गणित कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा नदीकाठच्या गावात जाऊन कोणत्या पुरात पाणी कोणत्या पायरीला लागले होते, ते विचारून पाहावे.

एकदम सगळ्या राज्याला नियम लावणे जड जात असेल, तर लाल पूररेषेच्या आतील कामांपासून आणि पाटणसारख्या दरडप्रवण तालुक्यांपासून सुरुवात करावी. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव इथे दरडी कोसळल्या. सांगली आणि साताऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात हा विषय मांडावा आणि निर्णय होईपर्यंत निदान पूररेषेतील नव्या भरावांचे प्रस्ताव थांबवावेत.

आपला,
नदीकाठचा एक वाचक,
ता. मिरज, जि. सांगली