आयसीयूबाहेर आमच्याजवळ बसलेल्या डॉक्टर ताईंना

डॉक्टर ताई, तुमचं नाव लिहीत नाही, पण वाचलंत तर कळेलच तुम्हाला. बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्या रात्री मी आणि दादा दिसेल त्याला एकच विचारत होतो, की अहो थोड्याच महिन्यांपूर्वी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती, रोज सकाळी फिरायला जातात, मग असा अचानक अटॅक कसा आला? तुमची ड्युटी संपली होती तरी तुम्ही बसलात आणि सगळं नीट सांगितलंत, त्यासाठी हे पत्र.

ब्लॉकेज किती टक्के यापलीकडे काही बघायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं हो. तुम्ही म्हणालात, रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेली चरबी कधीकधी पिकलेल्या गळवासारखी असते, आत मऊ, सुजलेली आणि वर पातळ पापुद्रा. सुजेतल्या पेशी एन्झाइम सोडून तो पापुद्रा आणखी झिजवतात, 65 मायक्रॉनपेक्षा पातळ झाला की फाटायचा धोका जास्त. आणि चरबीचा असा थर, म्हणजे प्लाक, कित्येकदा वाहिनी अर्धीसुद्धा अडवत नाही, म्हणून छातीत दुखत नाही आणि स्ट्रेस टेस्टमध्येही सापडत नाही! फाटला की आतलं कोलॅजन आणि टिश्यू फॅक्टर, एरवी रक्ताला न लागणारी प्रथिनं, रक्ताला लागतात, शरीराला वाटतं जखम झाली, प्लेटलेट येऊन चिकटतात, थ्रॉम्बोक्सेन आणि एडीपी ही रसायनं सोडून आणखी प्लेटलेट बोलावतात, तिकडे रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन तयार होतं, फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि बोट कापल्यावर जी गुठळी रक्त थांबवते तीच इथे हृदयाचं रक्त थांबवते. कधी असा प्लाक फाटून गुपचूप भरूनही येतो, कुणाला पत्ताही लागत नाही, हे तर मला अजून नवल वाटतं.

तोवर दादा सगळा दोष आईच्या हातच्या तेलातुपाला देत होता, आणि ती बिचारी खाली मान घालून ऐकत होती. तुम्ही तिच्याकडे बघून बाबांचं बीपी, वय, पूर्वीची सिगारेट सगळं काढलंत आणि म्हणालात, काकू, हे एका स्वयंपाकघरात घडत नाही. त्याबद्दल तर किती आभार मानू.

गोळ्यांचंही तसंच. ॲस्पिरिन प्लेटलेटचं थ्रॉम्बोक्सेन कायमचं बंद पाडते, म्हणजे ती प्लेटलेट जगते ते 7 ते 10 दिवस, आणि रोज नवीन तयार होतात म्हणून गोळी रोज. दुसरी गोळी एडीपीचा रस्ता अडवते. 1988 च्या आयसिस-2 अभ्यासात हार्ट अटॅकचा संशय असलेले 17 हजारांवर पेशंट होते आणि नुसत्या ॲस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी झाले, हेही तुम्हीच सांगितलंत. कारण कळलं की माणूस गोळी चुकवत नाही ताई, नुसतं "घ्या" म्हटलं की चुकवतो.

परवा बाबांची दाढ काढायची होती, तिथे रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा म्हणाले, तर बाबाच म्हणाले, आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन लावा, स्टेंट नवीन आहे माझा. फोन लावला, गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आईने तर कधीही घरी जेवायला या म्हणून निरोप दिलाय.