रात्री रडली तर?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. अकरा वर्षांच्या धाकटीला सुट्टीत बारा दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवावं का, असं तू विचारलंयस. आणि त्याच पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईनं, ‘रात्री रडली तर?’ असं लिहिलंयस. ते मागाहून लिहिलेलं दिसतं. तुझा खरा प्रश्न तोच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

रडेल. निदान एखाद्या रात्री तरी तिचा घसा दाटून येईल. इतके उन्हाळे मी शिबिरांत मुलांवर लक्ष ठेवणारा दादा म्हणून राहिलोय, पण घरची आठवण अजिबात येत नाही असं मूल क्वचितच भेटलं. पहिल्या दोन-तीन रात्री जड जातात, मग बहुतेकांचं मन रुळतं. प्रश्न एवढाच असतो, की त्या दोन-तीन रात्री मोठी माणसं काय करतात.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या खोलीत दहा वर्षांचा एक मुलगा होता. दिवसभर अगदी मजेत असायचा. दिवे मालवले की मात्र पांघरुणाच्या आतून नाक ओढल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या रात्री मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, तर म्हणाला, ‘आईनं सांगितलंय, नाही करमलं तर लगेच न्यायला येईन.’ मला राहवलं नाही, मी घरी फोन लावून दिला. आईचा आवाज कानावर पडला आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. सकाळी वडील येऊन त्याला घेऊन गेले. ओसरीवर त्याचं मातीचं कासव वाळत होतं. पाठीवरची नक्षी कोरून झाली होती, पाय लावायचे राहिले होते. शिबिर संपेपर्यंत ते तिथंच होतं आणि रोज जाता-येता मला दिसत होतं.

क्रिस्टोफर थर्बर नावाचे मानसशास्त्रज्ञ शिबिरातल्या मुलांच्या या घरच्या ओढीचाच अभ्यास करत आले आहेत. त्यांचं म्हणणं मी नंतर वाचलं आणि मला ते कासव आठवलं. ‘नाही आवडलं तर न्यायला येतो’ हे वचन देऊच नका, असं ते आईबापांना सांगतात. असं वचन मिळालं की मुलाला कळतं, माझ्याच्यानं हे निभणार नाही असं घरच्यांनाही वाटतंय. मग जरा मन खट्टू झालं की ते रुळायची वाट बघत नाही, दाराकडे बघतं. तेव्हा तू हे वचन देऊ नकोस. आठवण आलीच तर काय करायचं ते मात्र तिच्याशी आधी बोल: शिबिरातल्या ताईला सांगायचं, पत्र लिहायचं, खोलीतल्या कुणाशी तरी गप्पा मारायच्या. जायच्या आधी दोन-तीन रात्री कुणा नातलगांकडे, तुम्हां दोघांशिवाय झोपू दे. आणि जायचं ठरवताना तिला विचार. ज्या मुलाला विचारून पाठवलेलं असतं, ते अडचणीत जास्त टिकतं, हे मी दरवर्षी बघतो.

आता तुझा दुसरा मुद्दा. चित्रकलेचा वर्ग घराजवळ आहे, पोहणं वेगळं शिकता येईल, मग कला, निसर्ग आणि खेळ एकाच ठिकाणी, तेही मुक्कामाला राहून कशाला? मला तुला जे सांगावंसं वाटतं ते इथंच आहे. या तिन्ही गोष्टी एका दिवसात आल्या की मुलांची उतरंड दिवसातून तीनदा बदलते. मैदानावर जो पहिला, तो मातीकामात चाचपडतो. रात्री रानवाटेवर तिसराच कुणी पुढं असतो. शाळेत मुलावर एकदा शिक्का बसला की तो वर्षभर पुसत नाही. इथं तो संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही.

गेल्या वर्षीचं सांगतो. एक मुलगी धावण्यात कायम शेवटची, संघ निवडताना तिचं नाव सगळ्यांत शेवटी यायचं. एका दुपारी आम्ही झाडांखाली वीस मिनिटं गप्प बसून आवाज ऐकायला लावले. नेमका अवकाळी शिडकावा आला. रात्री नाटकाची तालीम होती आणि नाटकात पाऊस हवा होता. सगळ्यांनी एकदम मांड्यांवर थापा मारायला सुरुवात केली. ही उठली आणि म्हणाली, ‘पाऊस असा एकदम येत नाही. आधी इथं एक थेंब पडतो, मग लांब कुठंतरी दुसरा.’ तिनं एकाला तळहातावर एक बोट आपटायला सांगितलं, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या एकाला. मग दोन बोटं, मग तीन, मग तळवे. चाळीस मुलं तिच्या हाताकडे बघून पाऊस पाडत होती, आणि संघ निवडणारा तो कप्तान मान खाली घालून, तिनं खूण करेपर्यंत बोट उचलत नव्हता. दुसऱ्या दिवशी मैदानावर तिचं नाव तिसरं आलं. पळण्यात काही फरक पडला नव्हता. रोज जाऊन-येऊन करायच्या वर्गात हे घडलं नसतं, कारण तिथं नाटकातली मुलं वेगळी आणि मैदानावरची वेगळी.

मुलांना शिबिराला नेण्यामागचे तीन धागे इतिहासात वेगवेगळे निघालेत, हेही मला फार मोलाचं वाटतं. 1876 साली झुरिचमधले एक पाद्री, हेरमान वाल्टर बियोन, शहरातल्या 68 अशक्त मुलांना आपेन्झेलच्या डोंगरात सुट्टीसाठी घेऊन गेले. हेतू तब्येतीचा होता. 1907 मध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं, आणि बड्या शाळांतली मुलं नि कामगारांची मुलं मुद्दाम एकाच तुकडीत घातली. 1928 मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या इंटरलॉकन इथं जोसेफ मॅडी यांनी रानात, तळ्याकाठी मुलांना वाद्यवृंद शिकवायला सुरुवात केली. कुणी हवेसाठी नेलं, कुणी सोबतीसाठी, कुणी संगीतासाठी. आज एकाच शिबिरात हे तिन्ही मिळतं, आणि ते नीट विणलेलं असलं तर त्याला तोड नाही.

नीट विणलेलं नसलं तर काय होतं, तेही माहीत असू दे. 1954 मध्ये मुझफर शेरीफ या संशोधकानं ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथं अकराच्या आसपासच्या 22 मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट केले आणि त्यांच्यात बक्षिसांची चुरस लावली. थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर चाल करण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र बसवून वैर शमलं नाही. पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक चालू होईना आणि सगळ्यांनी मिळून खटपट केली, तेव्हा ते हळूहळू निवळलं. मुलांना प्रयोगाची कल्पनाच दिली नव्हती, ते मला अजिबात पटत नाही. पण धडा खरा आहे. म्हणून चौकशी करताना पहिलं हे विचार, की बारा दिवस गुणफलक लावून गटागटांत स्पर्धा चालते का. चालत असेल तर दुसरं शिबिर बघ. एक-दोन सामने हवेतच, पण सगळ्यांनी मिळून उभं करायचं असं काहीतरी असायलाच हवं: नाटक, मोठं भित्तिचित्र, ओढ्यावरचा साकव, काहीही.

सुरक्षेचं थोडक्यात. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं निवासी शिबिरांसाठीचं प्रमाण असं, की 9 ते 14 वर्षांच्या आठ मुलांमागे निदान एक मोठं माणूस हवं. एवढं तरी माग. कुणीही मोठा माणूस एका मुलासोबत आडोशाला एकटा राहणार नाही, हा नियम त्यांच्याकडे लेखी आहे का ते बघ. पोहण्याच्या जागी जोड्या लावतात का, हेही विचार. आमच्याकडे दर दहा मिनिटांनी शिट्टी होते आणि प्रत्येकानं जोडीदाराचा हात धरून वर करायचा. पाण्यावर हातांच्या जोड्या उभ्या राहतात, त्या मोजायच्या, मगच खेळ पुढं सुरू. आळसानं एकटाच हात वर आला तरी आम्ही सगळ्यांना बाहेर काढतो.

फोनबद्दल तू काळजी करतोयस, पण फोन शिबिराच्या कपाटात बंद राहू दे. 2014 मध्ये याल्डा उल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहावीतली 51 मुलं पाच दिवस फोन, टीव्ही असल्या पडद्यांशिवाय निसर्ग शिबिरात राहिली. परतल्यावर चेहऱ्यांवरचे भाव ओळखण्यात ती, नेहमीसारख्या दिनक्रमात राहिलेल्या 54 मुलांपेक्षा जास्त सुधारली. हा गुण पडदा नसल्याचा की दिवसभर समोरासमोर असलेल्या सोबत्यांचा, ते त्यातून वेगळं काढता येत नाही. मला तर ते वेगळं करायची गरजही वाटत नाही.

तू मात्र तिला पत्रं लिही. पहिलं पत्र ती निघायच्या आधीच टाक, म्हणजे पोचल्यावर लगेच हाती पडेल. ‘तुझ्याशिवाय घर सुनं झालंय’ असलं त्यात काही लिहू नकोस, भले ते खरं असो. ती काय करतेय, कोण भेटलं, रात्री कोणते तारे दिसतात, ते विचार.

आणि बॅग तिची तिलाच भरू दे, तू नुसता शेजारी बस. दुसऱ्यानं भरलेल्या बॅगेत अंधारात बॅटरी सापडत नाही, आणि मग त्यावरूनच रडू येतं. बूट नवे देऊ नकोस, पायाला फोड येतात. एक जुना शर्ट दे, रंगांनी माखला तरी चालेल असा.

तिला विचार, आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत कळव.

तुझा,
जुना सोबती