पार्किन्सन्स संशोधनाच्या निधीसाठी लोकप्रतिनिधींची भेट : सभासदांना सूचना

सर्व सभासदांना व त्यांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना कळविण्यात येते की, मंगळवार, १४ एप्रिल रोजी आपले मंडळ वॉशिंग्टन येथे काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्यांच्या कार्यालयांत जाऊन पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी निधी वाढवावा, अशी मागणी करणार आहे. सकाळी ९ वाजता कॅपिटॉल साउथ मेट्रो स्थानकाबाहेर जमावे.

या आजारावरील राष्ट्रीय योजनेचा कायदा २०२४ साली झाला. परंतु निधीचा निर्णय दरवर्षी नव्याने होतो, म्हणून आपणही दरवर्षी जाणे भाग आहे. १९९९ मध्ये, स्वतः पार्किन्सन्सचे रुग्ण असलेले अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांनी आजाराची लक्षणे दिसावीत म्हणून औषध न घेता सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली होती. त्यांच्या धैर्याबद्दल आदर बाळगूनही आग्रहाची विनंती आहे, की कोणीही गोळी चुकवू नये.

• लेव्होडोपाची (पार्किन्सन्सवरील औषधाची) डबी, पाणी व ओळखपत्र जवळ ठेवावे.
• बहुधा सदस्यांऐवजी त्यांचे सहायक भेटतात आणि वेळ थोडाच मिळतो. आकडेवारीपेक्षा स्वतःचा अनुभव सांगावा : सदऱ्याची गुंडी लावायला किती वेळ लागतो, औषधाचा असर उतरला की दारातच पाय कसे खिळतात.
• पक्षीय राजकारणावर बोलू नये.
• ग्रीनकार्डधारकांनीही संकोच न करता यावे. मतदानाचा हक्क नसला तरी ते त्या मतदारसंघाचे रहिवासी आहेतच.

मतदारसंघ पत्त्यावरून ठरत असल्याने आपले नाव पूर्ण पत्त्यासह ३१ मार्चपर्यंत चिटणीसांकडे द्यावे. चाकाची खुर्ची लागणार असल्यास तेही कळवावे.