बाबा, तुमच्या डब्यातली गोळी आईला नको

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेलं की बाबा तुम्ही नुसतं हो हो करता आणि आई तू जेवलीस का विचारतेस, म्हणून लिहितेय.

परवाची चक्कर थकव्याची नव्हती. आईची ओसीडीची, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा तपासत राहायच्या आजाराची गोळी म्हणजे फ्लुवोक्सामिन, आणि तिची पाठ धरली म्हणून बाबा तुम्ही तुमच्या कंबरदुखीची जी दिलीत ना, तिच्यात टिझानिडीन आहे, स्ट्रिपचा फोटो झूम करून वाचलं मी. फ्लुवोक्सामिन चालू असताना टिझानिडीन शरीरातून लवकर जातच नाही, रक्तात कितीतरी पट वाढतं आणि बीपी धाडकन खाली येतं. ही जोडी चालतच नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. मोरीच्या दाराला धरून ती खाली बसली म्हणून निभावलं. तुम्ही काळजीनेच दिलीत हो, पण आता तो डबा आईसाठी बंद. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या पण परस्पर नको, फ्लुवोक्सामिनसोबत पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. मेडिकलवाल्यालासुद्धा आधी सांगायचं की ही गोळी चालू आहे.

आई, आता तू. या गोळीने चहातलं कॅफिन पण अंगात तासन्‌तास रेंगाळतं, सहा कप ढोसायचे, रात्री टक्क जागं राहायचं आणि वर नाव गोळीचं! दोनवर ये बघू.

आणि शेजारच्या काकू म्हणतात तशी झोपेच्या गोळीसारखी हिची सवय नाही लागत. पण मनाने एकदम बंद केलीस तर गरगरतं, मळमळतं, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, शिवाय जुनं सगळं परत डोकं वर काढतं ते वेगळंच. थांबवायची तेव्हा डॉक्टर हळूहळू कमी करतील. एखाद्या रात्री विसरलीस तर दुसऱ्या रात्री दोन घ्यायच्या नाहीत. ओसीडीत नीट गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात आणि डोसही बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो, त्यामुळे 50 ची 100 केली म्हणजे तुझं वाढलं असं नाही गं. तुझा तर आत्ता सहावाच चालू आहे.

तुला सांगितलं नव्हतं, पण दिवाळीत मी मोजलेलं, झोपायच्या आधी गॅसचं बटण अकरा वेळा बघितलंस. मागच्या रविवारी चार.

शनिवारी येतेय. बाबा, डॉक्टरांची फाईल आणि तो डबा दोन्ही टेबलावर काढून ठेवा, एकेक स्ट्रिप बघू.

तुमची,
ताई